बोलणार कसा, तोंडात तुकडे!

…आणि वर मलाच विचारतात, "पुसलंत कशाला?" अहो, पुसलंत कशाला म्हणजे काय? एकतीस वर्षं मी पुसतोच आहे! चष्म्याचं दुकान आहे माझं. काच घासायची, कडा साफ करायच्या, फ्रेममध्ये बसवायची आणि पुसून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची, एवढं एकच काम मला येतं, आणि तुम्हाला सांगतो, ते एकच काम मी मन लावून केलं म्हणून माझ्या लेकीची पीएच.डी. बुडाली. कुठे बुडाली? माझ्या तोंडात! हसा, हसा. सगळेच हसतात. आमची ही आधी रडली, मग तिला हसू आलं, मग हसू आलं म्हणून पुन्हा रडली, आणि लेक… लेक रडलीही नाही आणि हसलीही नाही, तिथेच तर सगळं दुखणं आहे.

थांबा, पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल याचं डोकं फिरलंय.

लेक एकुलती एक. लहानपणापासून हुशार. कुणावर गेली माहीत नाही; हिला विचाराल तर हिच्यावर. शिकत शिकत दंतवैद्यकीच्या कॉलेजात संशोधनाला लागली. दुकानात कुणी विचारलं, "लेक काय करते हो?" की मी काउंटरमागे दोन इंच उंच व्हायचो. "संशोधन!" "कसलं?" "दातांचं." "दातांचं म्हणजे?" "दातांचं म्हणजे… दातांचंच की हो! ही फ्रेम बघा, तुमच्या चेहऱ्याला शोभेल." पुढचं मला ठाऊकच नव्हतं. विचारलंही नव्हतं. म्हटलं, आपल्याला काय कळणार त्यातलं, उगाच पोरीचा वेळ कशाला खायचा. आणि तुम्हाला सांगतो, याला मी आजवर समजूतदारपणा समजत होतो.

तर एक दिवस जेवताना ती म्हणते, "बाबा, मला तुमची लाळ हवीय."

आता लेक बापाकडे काय काय मागते? मी सगळ्याची तयारी ठेवली होती, पण लाळ? घास होता तिथेच राहिला. मग तिने समजावलं. तिला आठ माणसं हवी होती. सिगारेट न ओढणारी, कायमच्या गोळ्या-औषधं न घेणारी आणि स्वतःचे दात शाबूत असलेली. सात मिळाली होती, आठवं मिळेना. तिने आधी आईला विचारलं. ही म्हणाली, "करायचं काय असतं?" "दर मंगळवारी दोन तास तोंड बंद ठेवायचं." ही म्हणाली, "यांना घे."

झालं, घेतलं मला. आधी तोंडात गुलाबी लगदा कोंबून माझ्या दातांचा साचा काढला. त्यावरून एक पारदर्शक पट्टी बनवली, टाळूला घट्ट बसणारी, कवळीच्या चुलत बहिणीसारखी. आणि त्या पट्टीत, गालाच्या बाजूला, दोन चौकोनी तुकडे बसवायचे. कसले तुकडे? दाताचे! दाताचं वरचं कडक कवच असतं ना, इनॅमल, त्याचे. कुणाच्या दाताचे? ते कुणालाच माहीत नाही. डॉक्टरांनी काढलेले दात असतात, ते म्हणे शुद्ध करतात, किरणं मारतात, कापतात, घासतात. शुद्ध असतील हो, माझं काही म्हणणं नाही, पण विचार येतोच ना? ज्याचा दात, तो माणूस त्या दाताने आयुष्यभर काय काय चावला असेल, कुणाच्या नावाने दातओठ खाल्ले असतील… आणि आता तो दात माझ्या गालात येऊन बसलाय, आणि मी त्याच्यासकट शटर उघडतोय.

पण एक सांगतो. ते तुकडे तिने पहिल्यांदा माझ्या हातावर ठेवले आणि मी भिंग लावून पाहिलं… अहो, काय घासले होते! एक ओरखडा नाही. कड बघा, पृष्ठभाग बघा, नुसता आरसा. मी काचा घासण्यात हयात घालवली, मला कळतं ना! म्हटलं, "कुणी घासले?" म्हणाली, "मीच." मला इतकं भरून आलं… हात माझा घेतलाय पोरीने! हे तिला सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "ठीक आहेत."

मग सुरू झाले मंगळवार, ते चालले दोन वर्षं. नऊला पट्टी बसवायची, अकराला काढायची. मधले दोन तास खायचं नाही, प्यायचं नाही, बोलायचं नाही. का, तर जीभ तुकड्यांवर फिरता कामा नये. आता दुकान तर उघडं! एक बाई येतात, फ्रेम चढवतात, आरशासमोर मान अशी करतात, तशी करतात, "खरं सांगा हं, म्हातारी दिसते का मी?" मी काय करावं? बोलणार कसा, तोंडात तुकडे! मी नुसती मान हलवली. आता मान कुठल्या बाजूला हलवली हे माझं मला आठवत नाही, पण बाई परत आल्या नाहीत. एक निवृत्त मास्तर नंबर तपासायला आले, अक्षरांच्या तक्त्यावरची शेवटची ओळ त्यांनी धडाधड वाचून दाखवली, सगळी चूक, आणि वर म्हणतात, "बरोबर ना?" बोलणार कसा! मास्तर खुशीत घरी गेले. अजून त्याच चष्म्याने जिन्याची शेवटची पायरी शोधत असतात.

आणि घरचं तर विचारूच नका. हिने सकाळची कामं मंगळवारी उरकायची सोडून दिली आणि साडेनऊला दुकानात येऊन स्टुलावर बसायला लागली. सत्तावीस वर्षांचं साठलेलं! "तुमच्या बहिणीने त्या वेळी मला काय म्हटलं होतं आठवतंय का?" आठवतंय गं, पण बोलणार कसा? "आणि तुम्ही तेव्हाही असेच गप्प बसला होतात!" तेव्हा तोंडात तुकडे नव्हते, हे कबूल आहे, पण तेही सांगता येत नव्हतं. मला वाटतं त्या दोन वर्षांत हिची तब्येत जितकी सुधारली तितकी कुठल्याच डॉक्टरने सुधारली नसती.

आता येतो मुद्द्यावर. अकरा वाजले की काय करायचं? लेकीने चार गोष्टी सांगितल्या होत्या. पट्टी काढा. नळाच्या धारेखाली धरा. डबीत ठेवा. मी येऊन घेऊन जाते. बस! चौथ्या गोष्टीनंतर तिने "आणि पुसू नका" असं म्हटलं होतं का? नव्हतं. बाकीच्या सातांनाही सांगितलं नव्हतं, कारण त्या सातांत बँकेतला होता, शिंपी होता, दोन नर्सबाई होत्या, एक तबलजी होता. त्यांच्या स्वप्नातही येणार नाही! पुसायचं सुचेल असा माणूस जगात एकच, आणि तो तिने स्वतःच्या घरातून आणला.

कारण माझ्या वडिलांनी मला पहिल्या दिवशी दुकानात उभं करून सांगितलं होतं, ओली काच गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची नाही, थेंब सुकला की डाग पडतो, आणि डाग पडला की काच कितीही चांगली असो, गिऱ्हाईक डागच बघतं. मग? पोरीने जीव ओतून आरशासारखे घासलेले तुकडे, ते तिच्या हातात मी ओले, लाळेने बुळबुळीत झालेले देऊ? शिवाय ते पुढे तिच्या मॅडमकडे जाणार, मॅडम काय म्हणतील, वडिलांना काही रीतभात? मी पट्टी काढायचो, धुवायचो, तुकड्यांवर काचा साफ करायच्या पाण्याचे दोन थेंब टाकायचो, निळं फडकं घ्यायचो, मधून बाहेर, गोल गोल, मग तोंडाने हाऽऽ करून वाफ धरायची, पुन्हा गोल गोल, उजेडात धरून बघायचं, लख्ख झालं की डबीत. डबीत तिनेच ओला कापूस ठेवलेला असायचा, तुकडे सुकू नयेत म्हणून, त्यामुळे तिला काही कळायचं कारणच नव्हतं. स्कूटरवरून यायची, डबी घ्यायची, "थँक्यू बाबा," आणि गेली. त्या "थँक्यू"वर माझा अख्खा आठवडा जायचा.

महिन्या-दोन महिन्यांनी जेवताना म्हणाली, "बाबा, तुमचं काहीतरी वेगळंच आहे. बाकीच्या सातांच्या तुकड्यांवर जे दिसतं, ते तुमच्यावर दिसतच नाही."

आता मला काय वाटलं असेल? सांगा! मला वाटलं, घाण! बाकीच्या सातांची तोंडं घाणेरडी, आणि माझं स्वच्छ! अभिमानाने मी त्या दिवशी एक पोळी जास्त खाल्ली. आणि पुढच्या मंगळवारपासून दोन थेंबांऐवजी चार टाकायला लागलो.

मग काय झालं? तुकडे ज्या यंत्रात बघायचे ते यंत्र तपासलं. यंत्र बरोबर. पट्टी नवी केली. तरी तेच. माझी लाळ नळीत थुंकायला लावली, ती तपासली, त्यात सगळं इतरांसारखंच. मग मॅडम स्वतः दुकानात आल्या. मॅडम म्हणजे तिच्या गाइड, बारीकशा, चष्मा जाड (काच जुनी, मला लगेच दिसलं), आणि एकेक शब्द चिमट्यात धरून ठेवल्यासारखा बोलणार. "इं-ट-रेस्टिंग." टॉर्च लावून माझ्या तोंडात बघितलं. "व्हेरी… इं-ट-रेस्टिंग." दारात तीन गिऱ्हाइकं उभी, आणि मी काउंटरवर मान मागे टाकून आऽऽ करून बसलोय. "तुमच्या आईंचे दात कसे होते?" "लहानपणी विहिरीचं पाणी प्यायचात का?" "झोपेत दात खाता?" मंगळवार होता, बोलणार कसा, तोंडात तुकडे! त्यांनी "अकरानंतर काय करता?" असा एक प्रश्न विचारला असता ना, तर मी नुसतं फडकं दाखवलं असतं आणि सगळं तिथेच मिटलं असतं. पण तो कुणी विचारला नाही. माझ्या खाणाखुणांतून आईच्या दातांवर अर्धा तास गेला.

आणि मग त्या दोघींनी ठरवलं की आठ माणसं वगैरे सोडून द्यायची. प्रबंध माझ्यावर! ज्याच्या दातांवर काही बसतच नाही असा माणूस. जगात म्हणे असा दुसरा सापडलेला नाही. सापडेल कसा? लेकीने वर्षभराचं काम बाजूला ठेवलं आणि माझ्या मागे लागली. पेपर लिहिला, पाठवला, तो स्वीकारल्याचं पत्र आलं. घरात मला मान! ही फोनवर बहिणीला सांगते, "यांच्या तोंडावर परदेशात चर्चा चाललीय." माझा भाऊ, ज्याने माझ्या एकाही गोष्टीचं कधी कौतुक केलं नाही, तो घरी येऊन म्हणतो, "दाखव रे जरा." आणि मी दाखवलं हो! मान मागे टाकून दाखवलं!

मग तो सेमिनार. कॉलेजचा हॉल, पडदा, दीडशे माणसं, मी आणि ही पहिल्या रांगेत. आणि लेक उभी राहून बोलायला लागली. तुम्हाला सांगतो, मी तिला असं बोलताना पहिल्यांदाच ऐकत होतो. इतकं सोपं, इतकं स्वच्छ! म्हणाली, दात कितीही घासा, चकचकीत करा, एका मिनिटाच्या आत लाळेतली प्रथिनं त्याच्यावर येऊन बसायला लागतात. काहींना दातातल्या कॅल्शियमची ओढच असते, ती पहिली चिकटतात. मग त्यांच्या अंगावर दुसरी, दुसऱ्यांच्या अंगावर तिसरी, एक पाहुणा उतरला की मागून त्याचं सगळं गोत येतं तसं. दोन तासांत चांगला थर जमतो. आंबट काही खाल्लं तर हाच थर दाताला झिजू देत नाही. आणि जंतूंना पाय टेकायला जागाही हाच थर देतो. म्हणजे घाण नव्हे हो ती! ते दाताचं पांघरूण! आणि माझी लेक दोन वर्षं तेच पांघरूण शोधत होती.

आणि मग ती म्हणाली, "हा थर डोळ्यांना दिसत नाही. नुसत्या पाण्याने धुतला तर जातही नाही. जायचा तर साबणासारखं काहीतरी लावून रगडून पुसावा लागतो."

माझ्या खिशात ते निळं फडकं होतं. चष्मा पुसायला मी ते नेहमी खिशात ठेवतो. मला ते मांडीला जळत्या निखाऱ्यासारखं लागायला लागलं. आणि तेवढ्यात मॅडम म्हणतात, "आणि तो असामान्य माणूस आज आपल्यात आहे. जरा उभे राहता का?"

उभा राहिलो! दीडशे माणसं टाळ्या वाजवतायत, ही शेजारी डोळे पुसतेय, लेक स्टेजवरून माझ्याकडे बघून हसतेय, आणि मी हात जोडून उभा. तुम्ही म्हणाल, तिथेच का नाही सांगितलंत? तिथे तर तोंडात तुकडे नव्हते! नव्हते. पण लेक हसत होती हो. माझ्याकडे बघून. तुम्ही बोलला असता?

पुढच्या मंगळवारी मी ठरवलं, पुसायचं नाही. हात शिवशिवत होते, पण नाही पुसलं. धुतलं, तसंच डबीत. संध्याकाळी लेक घरी आली ती पांढरीफटक पडून. थर दिसला! बाकी सातांसारखाच, व्यवस्थित, भरपूर! "बाबा, तुम्ही काही वेगळं केलंत का? गोळी घेतलीत? पेस्ट बदललीत?" मी म्हटलं, "नाही गं." यंत्रवाल्याला बोलावलं, त्याने यंत्र उघडलं, बंद केलं. लेक दोन दिवस धड जेवली नाही, पेपर छापायला गेलेला, आणि आता हे. मला ते बघवेना. आणि मग मी काय केलं माहीत आहे? पुढच्या मंगळवारी मी पुसलं. सगळं माहीत असताना पुसलं. त्याच्या पुढच्याही. आधीचं पुसणं सोडा, ते अडाण्याचं पुसणं होतं. पण हे दोन मंगळवार मी स्वतःला माफ करत नाही, आणि तुम्हीही करू नका.

त्यानंतरच्या मंगळवारी ती दहालाच आली. नेहमी अकराला येते. ही स्टुलावर बसून माझ्या बहिणीचं पुराण सांगत होती, तिला म्हणाली, "आई, तू जरा घरी जा." आणि स्वतः स्टुलावर बसली. पर्समधून एक फोटो काढून काउंटरवर ठेवला. सूक्ष्मदर्शकातला. करड्या मैदानावर एक जाडजूड दोरखंड पडल्यासारखं दिसत होतं, निळा. मग तिने काउंटरवरचं फडकं उचललं, त्याची कड बोटांनी चोळली आणि निघालेला एक धागा फोटोशेजारी ठेवला.

"बाबा, हे काय आहे?"

बोलणार कसा, तोंडात तुकडे! मी बोट करून दाखवलं, तोंडाकडे.

"काढा ते," ती म्हणाली.

काढलं. धुतलंसुद्धा नाही. हातात तशीच धरली ती पट्टी, लाळ गळतेय मनगटावरून. तिने विचारलं, किती वेळा. मी म्हटलं, सगळ्या वेळा. कधीपासून? पहिल्यापासून. मग म्हणाली, सेमिनारनंतरही? मी म्हटलं, दोनदा. ओरडली नाही हो. ओरडली असती तर मी सुटलो असतो. फोटो उचलून पर्समध्ये ठेवला आणि म्हणाली, "पुसलंत ते राहू द्या. दोन वर्षांत एकदा तरी विचारायचं होतं ना बाबा, की मी त्याच्यावर शोधते काय?"

आणि तुम्हाला सांगतो… तोंड रिकामं होतं माझं.

तिने स्वतः जाऊन मॅडमना सांगितलं. पेपर मागे घेतला. "वडिलांनी" असा शब्द त्यात कुठे येऊ दिला नाही, "नमुने हाताळताना झालेली चूक" एवढंच. मॅडमनी म्हणे त्या एका दिवशी "इंटरेस्टिंग" म्हटलं नाही. मुदत संपत आलेली, बाकीची सात माणसं केव्हाच सोडून दिलेली, मॅडम चार महिन्यांत निवृत्त. त्यांच्या जागी येणाऱ्या सरांनी सांगितलं, नवं काही असेल तर या, झालेल्या चुकीवर मी वेळ घालवणार नाही. बरोबरच आहे त्यांचं. लेकीने टेबल रिकामं केलं, माझ्या तोंडातून निघालेले राखीव तुकडे (दर मंगळवारच्या दोनांतला एक ती राखून ठेवायची), शंभर-सव्वाशे, तारखांच्या चिठ्ठ्या लावलेल्या डब्यांत सुकवून ठेवलेले, ते सगळं एका खोक्यात भरून घरी आणलं आणि आपल्या पलंगाखाली सरकवलं. आता एका शाळेत प्रयोगशाळा सांभाळते. परीक्षानळ्या मोजून कपाटात ठेवते. फुटली की वहीत लिहिते.

घरात भांडण नाही. तेच वाईट. "बाबा, चहा." "बाबा, किल्ली." संपलं. ही मला एकदा म्हणाली, अहो, तुम्ही तिच्याशी बोला काहीतरी. मंगळवारी सकाळीसुद्धा ही दुकानात येईनाशी झाली; म्हणाली, आता तुम्हाला उत्तर देता येतं, मग मजा काय.

मग मी काय केलं? तिच्या वह्या वाचायला घेतल्या. चोरून नाही, विचारून. "वाचा," म्हणाली नाही, "नको," म्हणाली नाही. खांदे उडवले. दुकानात बसून, भिंग लावून, एकेक पान. शब्द अडला की डिक्शनरी, डिक्शनरीत अडला की वरच्या मजल्यावरच्या दाताच्या डॉक्टरीणबाई. चार महिने! तुम्हाला सांगतो, आज मला कुणीही विचारावं, लाळेतलं कुठलं प्रथिन दाताला आधी धरतं, त्याचं कुठलं टोक खाली बसतं आणि कुठलं वर राहतं. पण आता विचारणार कोण? गिऱ्हाईक विचारतं, "काच कधी मिळेल?"

आणि वाचता वाचता मला एक गोष्ट खटकली. माझ्या नावापुढे पुसलेल्या दर मंगळवारी थराचा जो आकडा होता ना, तो शून्य नव्हता. शून्याच्या जरासा वर. दर वेळी. तेवढाच. दोन थेंब टाकत होतो तेव्हाही तेवढाच आणि चार टाकायला लागलो तेव्हाही तेवढाच. आता मी पुसणारा माणूस आहे, मला माझा हात माहीत आहे! माझ्या हाताखालून काही सुटत नाही. मग हे काय उरलं होतं?

काल जेवताना विचारलं. भीत भीतच. म्हटलं, "मी एवढं रगडून पुसल्यावरही तुझ्या यंत्राला काहीतरी दिसत होतं. काहीही केलं तरी दात सोडत नाही, असं ते काय आहे गं?"

तिचा हात थांबला. घास ताटात ठेवला. मग म्हणाली, "बाबा… हे कुणी विचारलं नाहीये." मग म्हणाली, सगळे थर जमतो कसा हेच बघतात, सगळा काढून टाकल्यावर तळाशी जे घट्ट धरून बसतं, तेच खरं दाताला राखत असेल तर? आणि ते बघायचं तर वर्षानुवर्षं एकाच हाताने, एकाच फडक्याने, एकसारखे पुसलेले तुकडे हवेत, असे कुणाकडे असणार? कुणाकडेच नाहीत. आपल्याकडे आहेत! सव्वाशे! उठून उभी राहिली हो ती. डोळे लकाकत होते. कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "नव्या सरांकडे उद्याच जाते. बाबा, तुम्हाला कळतंय का तुम्ही काय विचारलंत? ते खोकं कुठंय? पलंगाखाली दिसलं नाही मला."

आता तुम्हाला काय सांगू?

रविवारी, म्हणजे हे विचारायच्या आधीच, घरात कुणी नव्हतं. मी पलंगाखाली वाकलो, खोकं दिसलं. म्हटलं, पोरीची रोज नजर पडत असेल यावर, जीव तुटत असेल, निदान मळकं तरी नको. खोकं उचलून दुकानात नेलं, सगळे डबे काढले. एकेक तुकडा गरम पाण्यात टाकला, ब्रशने घासला, मग ॲसिटोन, मग नवं कोरं फडकं. डबेही धुतले. तारखांच्या चिठ्ठ्या सुटत आल्या होत्या, त्या काढून टाकल्या. मागे गोंद राहिला होता. तोसुद्धा काढला.